आजोबांचं जनता, माझी एकतीस घड्याळं आणि एक कांचन

मागच्या व्हिडिओत मी मार्जिन समजावत होतो, आणि तुमच्यापैकी निम्म्या लोकांचं लक्ष माझ्या मनगटावर होतं. "सर, ते घड्याळ कुठलं? विकायचंय का?" तर ते एचएमटी जनता आहे, आजोबांचं आहे आणि विकायचं नाही. बाकीच्या घड्याळांचं मात्र सांगण्यासारखं बरंच आहे. छंद म्हणून घेणं, विकणं, अदलाबदल करणं यात मी जे शिकलो ते बीबीएच्या तीन वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. एचएमटीचा घड्याळाचा कारखाना १९६१ साली बेंगळुरूला सुरू झाला, जपानच्या सिटीझन कंपनीच्या तांत्रिक मदतीने. जनता, पायलट, कोहिनूर, सोना, जवान ही नावं तुमच्या घरातल्या मोठ्यांना विचारा, डोळे चमकतील. २०१६ च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. त्याच्या आधीपासूनच, बंद होणार अशी बातमी आल्यावर, लोकांनी कपाटं उघडायला सुरुवात केली होती. जी वस्तू आता बनत नाही, पण दुरुस्त होऊ शकते, तिचा बाजार वेगळाच चालतो. अमेरिकेत असाच बाजार पिनबॉल मशीनचा आहे. शंभर किलोच्या वरचं धूड, लोक घराच्या तळघरात ठेवतात, स्वतः सोल्डरिंग करतात आणि कंटाळा आला की दुसऱ्याशी बदलतात. १९९२ सालचं 'अ‍ॅडम्स फॅमिली' मशीन वीस हजारांवर बनलं, तरी आज त्याला गिऱ्हाईक आहे. आपल्या शुक्रवार पेठेतल्या वन रूम किचनमध्ये ते मशीन ठेवलं तर आपल्याला बाहेर झोपावं लागेल, म्हणून आपलं घड्याळच बरं. एका चपलेच्या खोक्यात पंधरा मावतात.

आणि तिथूनच घोळ सुरू झाला.

आजोबा मिलमध्ये होते. त्यांचं जनता बंद पडलं होतं, ते मी आमच्या भागातल्या एका जुन्या घड्याळवाल्या काकांकडे नेलं. त्यांनी मशीन उघडून साफ केलं, तेल दिलं आणि माझ्या कानाला लावलं. सेकंदाला पाच टिकटिक. सतरा ज्वेलचं, चावीचं घड्याळ, सकाळी एकदा चावी दिली की दीड दिवस चालतं. मी गारद झालो. मग एक पायलट घेतलं, मग एक सोना, मग कुणीतरी "पाचचा लॉट आहे भाऊ, घेऊन टाका" म्हणालं. रविवारी पुण्याचा जुना बाजार, मुंबईला माल आणायला गेलो की चोर बाजारातली मटण स्ट्रीट. दीड वर्षात एकतीस घड्याळं.

पैसे कुठून आले? गल्ल्यातून. माझं गिफ्ट आणि कटलरीचं दुकान आहे. रोज पाचशे, हजार काढले तर कळत नाही. दिवाळीच्या तोंडावर होलसेलवाल्याचा फोन आला, मागची उधारी चुकती करा, नाहीतर नवा माल नाही. खात्यात पैसे नव्हते, खोक्यात घड्याळं होती. बायकोने एकच वाक्य ऐकवलं, "दुसऱ्यांना वर्किंग कॅपिटल शिकवता ना?"

दहा दिवसांत एकोणीस घड्याळं विकली. २६,६०० रुपये आले. खरेदी होती २४,७००. मी खूश, १,९०० नफा! रात्री नीट वही मांडली. प्रत्येकाची सर्व्हिसिंग ३०० प्रमाणे ५,७००. कुरिअर, पट्टे, काचा मिळून १,५००. म्हणजे खरी पडतळ ३१,९००, आणि नफ्याऐवजी ५,३०० तोटा. माझा वेळ आणि पुण्याचं एसटी भाडं तर धरलंच नाही. होलसेलवाल्याचं भागलं, पण फटाके त्या वर्षी भाच्यांपुरतेच आले. तुम्ही कशाचाही छंद जोपासत असाल, तर त्याची वही आणि खातं दुकानापासून वेगळं ठेवा. गल्ल्याला हात लावायचा नाही म्हणजे नाही.

आता अदलाबदलीबद्दल. रोख द्यावी लागत नाही म्हणून अदलाबदल स्वस्त वाटते, आणि माणूस तिथेच फसतो. मी दोन जनता आणि वर पाचशे देऊन एक काळ्या डायलचं पायलट घेतलं. दिसायला इतकं नवं की मन भरून आलं. काकांनी भिंग लावलं आणि हसले. "डायल रंगवलंय रे. अक्षरं बघ, जाड आहेत. काटे दुसऱ्याचे, केस तिसऱ्याची." तीन मेलेल्या घड्याळांतून एक जिवंत केलेलं. असली घड्याळं वाईट असतात असं नाही, वापरायला छान असतात, पण किंमत अस्सलची द्यायची नाही. चाळीस वर्षांचं घड्याळ आरशासारखं चमकत असेल तर आधी शंका घ्या. डायल थोडं पिवळट असू दे, चालतं. पाठीचं झाकण उघडून मशीनचा फोटो मागा. अदलाबदल करतानाही दोन्ही बाजूंची रोख किंमत आधी कागदावर लिहा, मग हातात हात द्या.

(हिशोबाचं एक: तुम्ही जीएसटी नोंदणीकृत असाल आणि जुन्या वस्तू आहेत तशाच किंवा किरकोळ डागडुजी करून विकत असाल, खरेदीवर इनपुट क्रेडिट घेतलं नसेल, तर नियम ३२(५) प्रमाणे कर फक्त खरेदी-विक्रीच्या फरकावर लागतो. वारंवार विकत असाल तर त्याला छंद म्हणून चालणार नाही, तुमच्या सीएंना विचारा.)

पण मला सगळ्यात महाग पडलेला सौदा वेगळाच आहे, आणि तो मी व्हिडिओत कधी सांगितला नाही.

गड्ड्याच्या यात्रेचे दिवस होते. दुकानात एक वयस्कर मावशी आल्या. रुमालात बांधलेलं कांचन, ऑटोमॅटिक, कोरं म्हणावं असं. लग्नात जावयाला द्यायचं घड्याळ म्हणून कांचनचा मान मोठा होता, त्यांच्या मालकांनाही तसंच मिळालेलं. "तू जुनी घड्याळं घेतोस म्हणे. किती देशील लेकरा?" मी विचारलं, तुम्हाला किती हवेत? त्या म्हणाल्या, तीनशे मिळाले तरी बास. मला माहीत होतं, बाजारात त्याचे दोन हजार सहज आहेत. मी तीनशे दिले. वर पन्नास जास्त दिले आणि स्वतःला मोठ्या मनाचा समजलो. आठवड्याभरात ते कांचन एका पुणेकराला देऊन त्याच्याकडून मला हवं असलेलं देवनागरी आकड्यांचं जनता घेतलं.

महिन्याने त्यांचा मुलगा आला. भांडायला नाही. हात जोडूनच उभा राहिला. "आईने चुकून विकलं. बाबांचं होतं. तुम्ही म्हणाल ते पैसे देतो." माझ्याकडे घड्याळच नव्हतं. त्या क्षणी दुकानात दोन गिऱ्हाईकं उभी होती, आणि मी ज्यांना दर शनिवारी "विश्वास हेच भांडवल" सांगतो असा एक पोरगाही होता.

पुण्याला फोन केला. ते गृहस्थ सरळ होते, पण त्यांनाही ते कांचन आवडलेलं. शेवटी देवनागरी जनता परत दिलं, वर माझं एक चांगलं सोनाही दिलं, आणि कांचन घेऊन हुतात्मा एक्स्प्रेसने रात्री सोलापूरला उतरलो. सकाळी मावशींच्या घरी गेलो. मुलाने पाकीट काढलं, मी साडेतीनशेच घेतले, जेवढे दिले होते तेवढेच. मावशींनी घड्याळ हलवून कानाला लावलं. चालू होतं. मग आत जाऊन शेंगाची चटणी बांधून आणली.

तेव्हापासून कुणी घरातलं घड्याळ विकायला आणलं तर मी आधी बाजारभाव सांगतो, मग माझा भाव. दोन्हींत फरक का आहे तेही सांगतो: सर्व्हिसिंग, न विकलं जाण्याची जोखीम, माझा थोडा नफा. घेतलं तर पावती देतो आणि ते महिनाभर खोक्यात वेगळं ठेवतो, विकत नाही. त्या महिन्यात घरच्यांना हवं असेल तर त्याच भावात परत. आत्तापर्यंत चार जणांनी परत नेलं. काहीजण भाव ऐकून विकतच नाहीत, चावी देऊन घालून जातात.

सध्या माझ्याकडे चौदा आहेत. त्यातली दोन महिन्याच्या मुदतीत आहेत, म्हणून त्यांची किंमत विचारू नका. उरलेल्यांचा व्हिडिओ शनिवारी टाकतो, त्यात ते रंगवलेलं पायलटही दाखवेन. रंगवलेलं आहे असं सांगूनच विकणार आहे, नऊशेला.