लोणारचं हिरवं पाणी आणि टाकीतला लाल मासा

लोणार सरोवराचं पाणी एरवी हिरवं दिसतं ते त्यातल्या नीलहरित सूक्ष्मजीवांमुळे. त्यांपैकी एक स्पिरुलिना. शोभिवंत माशांच्या खाद्याच्या डब्यावर हेच नाव ठळक छापलेलं असतं. त्यामुळे बुलढाणा जिल्ह्यात अनेकांना वाटतं, सरोवरातलं शेवाळ वाळवलं की खाद्य तयार!

तसं करू नये. सरोवर अभयारण्यात आहे, २०२० पासून ते रामसर स्थळही आहे. तिथलं काही उचलून आणणं गैर आहे. शिवाय उघड्या पाण्यात स्पिरुलिनासोबत आणखी काय वाढतंय हे डोळ्यांना दिसत नाही, आणि काही नीलहरित जाती विषारी असतात. खाद्यासाठीची स्पिरुलिना स्वच्छ हौदांत वाढवतात. गंमत म्हणजे त्या हौदांत खाण्याचा सोडा घालून पाण्याचा सामू १०च्या आसपास ठेवतात, जवळपास लोणारसारखाच. एवढ्या अल्कधर्मी पाण्यात बाकीचे बहुतेक सूक्ष्मजीव टिकत नाहीत आणि स्पिरुलिना जोमाने वाढते.

'माशाला लाल करणारं खाद्य म्हणजे नुसता रंग', हा दुसरा गैरसमज. मासा लाल-केशरी कॅरोटिनॉइड रंगद्रव्यं स्वतः बनवू शकत नाही. ती अन्नातूनच मिळावी लागतात. स्पिरुलिनातल्या झिअॅझॅन्थिन या कॅरोटिनॉइडचं लाल अॅस्टाझॅन्थिन करण्याची क्षमता गोल्डफिशमध्ये आहे, सगळ्या जातींत नाही. म्हणून एकच खाद्य सगळ्यांवर सारखं खुलत नाही. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला त्यात क्षारप्रिय सूक्ष्मजीव सापडले. त्यांचा गुलाबी रंगही कॅरोटिनॉइडांचाच होता.

सोयाबीन तर आपल्या जिल्ह्याचं हक्काचं पीक. मग ते दळून टाकीत का टाकू नये? कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारे घटक असतात. ते उष्णतेने निष्प्रभ होतात. म्हणून खाद्यात तेल काढून शेकलेली ढेप घालतात. तिच्यात मेथिओनीन कमी, ती उणीव फिशमील भरून काढतं.

'तरंगतं ते चांगलं, बुडतं ते हलकं', हेही खरं नाही. ओलसर मिश्रण यंत्रात तापवून, दाबून साच्याच्या छिद्रांतून बाहेर काढतात. बाहेर पडताच दाब उतरतो, पाण्याची वाफ होते, स्टार्च फुगतं आणि दाण्यात पोकळ्या राहतात, तो तरंगतो. उष्णता आणि दाब बदलला की त्याच मिश्रणाचा दाणा बुडतो. गप्पी वरच्या थरात खाते, तळातल्या कॅटफिशला बुडणारा दाणा लागतो. साधं क जीवनसत्त्व या उष्णतेत बरंच नष्ट होतं, म्हणून त्याचं टिकाऊ रूप वापरतात.

प्रथिनं जितकी जास्त तितकं उत्तम, असं मानून कोळंबीचं महागडं खाद्य गोल्डफिशला घालणारेही आहेत. त्याच्या पिल्लांनाही साधारण ३० टक्के प्रथिनं पुरतात. जास्तीची प्रथिनं शरीर जाळतं आणि अमोनिया कल्ल्यांवाटे पाण्यात येतो. बोअरचं पाणी अल्कधर्मी असेल, तर तोच अमोनिया अधिक घातक ठरतो. गोल्डफिशला जठर नसतं, त्यामुळे एकदम भरपूर देण्याऐवजी दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच द्यावं. आणि पावसाळ्यात डबा घट्ट बंद ठेवावा. दमट खाद्याला बुरशी लागते आणि तिचं विष दाणे वाळवून जात नाही.