पाहुण्याचा कागद आणि कामाचा कागद

रत्नागिरी-रायगडकडची कितीतरी माणसे दुबई, मस्कत, कतार या मुलखांत कामाला जातात. कोणी पाच-दहा वर्षे राहतो, तर कोणी दोन महिन्यांत परत येतो. तेलाच्या कारखान्यात यंत्रे बंद ठेवून दुरुस्ती काढतात. तिला शटडाउन म्हणतात. तेव्हा वेल्डर, फिटर असे पुष्कळ लोक थोड्या दिवसांपुरते लागतात.

मग एखादा एजंट म्हणतो, “अहो, दोन महिन्यांचं तर काम! व्हिजिट व्हिसावर चला, पुढचं तिथं बघू.”

तसे जाऊ नका. व्हिजिट व्हिसा हा पाहुण्याचा परवाना. पाहुण्याने शहर बघावे, नातलगांना भेटावे. त्याला मजुरी करता येत नाही, एक दिवससुद्धा नाही.

दुबई हे संयुक्त अरब अमिरात या देशातले शहर. तिथे कामाचा परवाना वेगळा असतो आणि तो मालकाने काढायचा असतो. सहा महिन्यांपर्यंतच्या कामालाही तात्पुरता परवाना मिळतो. तेव्हा ‘काम थोडं, परवाना कशाला’ ही सबब खोटी. हा खर्च मजुराकडून घ्यायचा नाही, त्याचा पासपोर्टही ठेवून घ्यायचा नाही, असा तिथला २०२१ चा कायदा आहे. विनापरवाना माणूस कामाला लावणाऱ्या मालकाला २०२४ पासून कमीत कमी १ लाख दिरहॅम दंड आहे. पण मालकाला दंड झाला म्हणून आपली बुडालेली मजुरी थोडीच हाती येते? आणि परत पाठवतात ते आपल्यालाच.

आता आपल्याकडचे सांगतो. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टावर सहसा ‘ईसीआर’ असा शेरा असतो. असा माणूस आखाती देशात नोकरीला निघाला, तर १९८३ च्या कायद्याप्रमाणे सरकारी मंजुरी लागते. कित्येकांना हा जाच वाटतो. मला नाही वाटत. मंजुरीसाठी करारपत्र दाखवावे लागते. मालक कोण, काम कोणते, पगार किती, हे त्यात लिहिलेले असते. शिवाय विमा उतरतात. अपघातात माणूस दगावला तर घरच्यांना १० लाख रुपये मिळतात. पाहुणा म्हणून गेलेल्याला यातले काहीच नाही.

एजंटाकडे भारत सरकारचा परवाना आहे का, ते विचारा. त्याची फी ३० हजार रुपये आणि वर कर, याहून जास्त नसावी. पावती घ्या.

पैसे देण्याआधी व्हिसाचा कागद मागा. ‘व्हिजिट’ किंवा ‘टूरिस्ट’ लिहिले असेल, तर तो कामाचा नव्हे. ‘एम्प्लॉयमेंट’ म्हणजे नोकरी. इंग्रजी लागत नसेल, तर कागद गावच्या शाळेत न्या. मास्तर दोन मिनिटांत वाचून देतील.