उचल आणि सोडत

बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगाराच्या घरात वाढलेल्या एखाद्या कन्येने सुझन कॉलिन्स यांची २००८ ते २०१० या काळात प्रसिद्ध झालेली ‘द हंगर गेम्स’ ही कादंबरीत्रयी हाती घेतली, तर इतरांना जे निव्वळ कल्पित वाटते ते तिला मुकादमाच्या वहीइतके परिचित वाटावे. पानेम नामक त्या भावी राष्ट्रात बारा जिल्ह्यांतून दरसाल प्रत्येकी एक मुलगा व एक मुलगी प्राणघातक खेळासाठी सोडतीने निवडली जातात. आणि ज्याच्या घरची चूल थंड, त्याने सोडतीत आपले नाव आणखी एकदा घालून वर्षाचे तुटपुंजे धान्य-तेल सरकारातून न्यावे, असा तेथील दस्तूर आहे. सोळा वर्षांच्या नायिकेचे, कॅटनिसचे, नाव वीस वेळा! ऊसतोडीसाठी मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम, म्हणजे उचल, यापरती निराळी ती काय?

प्रेमकथा मात्र विलक्षण आहे. खेळ पाहणारे प्रेक्षक द्रवले तरच मदत मिळते, म्हणून तिच्याच जिल्ह्यातून निवडलेल्या पीटावरील प्रेम कॅटनिसला आधी वठवावे लागते. गुहेत तिने चुंबन घेतले की आकाशातून गरम सूपचे भांडे उतरते, आणि सोंग कोठे संपले हे तिचे तिलाच उमगत नाही. इकडे उचल मिळते ती ‘कोयत्या’ला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, आणि म्हणून फडावर निघण्यापूर्वी कित्येक अल्पवयीन मुलींची लग्ने घाईने उरकली जातात. सूपच्या भांड्याचे ते पान आमची वाचक कदाचित दोनदा वाचील.