फ्लॅश पॉइंट म्हणजे आपोआप पेटणे नव्हे

अ‍ॅसिटोनच्या माहितीपत्रकात फ्लॅश पॉइंट सुमारे उणे 20 अंश सेल्सिअस दिलेला असतो. ‘मग बाटली टेबलावर पेटत कशी नाही?’ हा प्रश्न रास्तच आहे.

फ्लॅश पॉइंट (ज्या किमान तापमानाला द्रवाची वाफ हवेत मिसळून ठिणगीने पेट घेऊ शकते) याला बाहेरची ठिणगी लागते. ठिणगीविना पेटण्याचे तापमान म्हणजे स्वयंज्वलन तापमान; अ‍ॅसिटोनचे ते सुमारे 465 अंश. गल्लत होते ती या दोहोंत.

समई आठवा. तेलात पेटती काडी बुडवली तर काडीच विझते, कारण थंड तेलाची पुरेशी वाफच नसते. वात तेवढेच थेंबभर तेल तापवते, म्हणून ती पेटते. अ‍ॅसिटोनला वात लागत नाही. खोलीच्या तापमानाला त्याची वाफ तयारच असते. शिवाय ती हवेहून जड, त्यामुळे ओट्यावरून सरपटत दूरच्या बर्नरपर्यंत पोहोचते.

बाटली घरगुती फ्रिजमध्ये ठेवण्याची सवयही याच गैरसमजातली. फ्रिजचे 4 अंश उणे 20 पेक्षा बरेच वर आहेत, आणि आतल्या दिव्याचे बटण व थर्मोस्टॅट ठिणगी पाडू शकतात. अशा द्रवांसाठी आत ठिणगी न पडणारे खास फ्रिज मिळतात.