'बहिश्ती जेवर'मध्ये लिहिलंय म्हणजे बरोबरच का? बायकांसाठीची जुनी धार्मिक पुस्तकं तपासायची कशी?

कोल्हापूरच्या एका मैत्रिणीचं लग्न झालं आणि ती रत्नागिरीला गेली. माहेरच्या सामानात एक जाडजूड पुस्तक होतं, 'बहिश्ती जेवर'. तिच्या आईलाही लग्नात तेच मिळालं होतं. काही महिन्यांनी तिची पाळी लांबली, बारा दिवस झाले तरी थांबेना. पुस्तक सांगत होतं, दहा दिवसांच्या पुढचं रक्त पाळीत धरायचं नाही, अंघोळ करून नमाज सुरू करायची. सासूबाई म्हणाल्या, अजिबात नाही, पंधरा दिवसांपर्यंत पाळीच. आता पाळीत नमाज पढता येत नाही आणि पाळी संपल्यावर सोडता येत नाही. म्हणजे एकीचं ऐकलं की दुसरीच्या हिशोबानं चूक. तिनं मला मेसेज टाकला, "यात बरोबर कोण?"

दोघीही बरोबर. पुस्तक हनफी आहे आणि सासर शाफई.

सुन्नी इस्लाममध्ये फिकहचे, म्हणजे धर्मशास्त्राचे, चार मोठे पंथ आहेत: हनफी, मालिकी, शाफई आणि हंबली. घाटावरचे बहुतेक सुन्नी मुस्लिम हनफी. आंबा घाट उतरून कोकणात गेलात की बहुतेक कोकणी मुस्लिम शाफई, कारण त्या किनाऱ्याचं नातं समुद्रामार्गे अरबस्तानाशी जुळलेलं. हनफी पंथात पाळी कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त दहा दिवस धरतात. शाफई पंथात कमीत कमी एक दिवस-रात्र आणि जास्तीत जास्त पंधरा दिवस. वजूचंही तसंच. जखमेतून रक्त वाहिलं तर हनफींचा वजू तुटतो, शाफईंचा नाही. नवऱ्याच्या हाताला हात लागला तर शाफईंचा तुटतो, हनफींचा नाही. कोळंबीवरून तर विचारूच नका. हनफी मतानुसार समुद्रातला फक्त मासा हलाल, मग कोळंबी मासा आहे की नाही यावर मौलानांमध्येच वाद आहे. कोकणात हा प्रश्नच कुणाला पडत नाही.

त्यामुळे असं कुठलंही पुस्तक हातात आलं की पहिल्यांदा लेखक कोणत्या पंथाचा आहे ते बघा. फॉरवर्ड झालेल्या पानाच्या फोटोत नेमकी हीच माहिती नसते.

मुळात हे पुस्तक आहे काय?

मौलाना अशरफ अली थानवी (१८६३-१९४३) हे उत्तर प्रदेशातल्या थाना भवनचे, देवबंदी परंपरेतले विद्वान. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी उर्दूत दहा भागांचं हे पुस्तक काढलं. नावाचा अर्थ स्वर्गातले दागिने. त्यात फक्त नमाज-रोजा नाही. उर्दू मुळाक्षरं आहेत, पत्र कसं लिहावं हे आहे, निकाह-तलाक, देणंघेणं, सत्शील स्त्रियांच्या गोष्टी आणि घरगुती औषधंही आहेत. बाईनं घरबसल्या शिकून शहाणं व्हावं असा हेतू होता. अमेरिकन इतिहासकार बार्बरा मेटकाफ यांनी १९९० साली याच्या काही भागांचं इंग्रजी भाषांतर टिपणांसह प्रसिद्ध केलं, इतकं ते महत्त्वाचं मानलं जातं. गंमत म्हणजे लग्नातल्या उधळपट्टीवर आणि जहेजच्या देखाव्यावर थानवींनी यात चांगलेच कोरडे ओढलेत. आणि पुस्तक पोचतं ते जहेजमधूनच!

पण एवढं सगळं एकाच बासनात बांधलं की अडचण होते. वाचणाऱ्याला प्रत्येक ओळ सारखीच पवित्र वाटते. खरं तर यातल्या वेगवेगळ्या गोष्टी वेगवेगळ्या कसोटीवर लावाव्या लागतात.

हदीसचंच घ्या. पैगंबरांच्या नावावर सांगितलेल्या प्रत्येक वचनाची सांगणाऱ्यांची साखळी असते आणि ती तपासून विद्वान त्याला सहीह, हसन, जईफ (कमजोर) किंवा मौजू (बनावट) ठरवतात. बायकांना लिहायला शिकवू नका, अशा अर्थाचं एक वचन फार वर्षं फिरत होतं. हाकिम यांनी ते आपल्या संग्रहात घेतलं आणि बरोबर ठरवलं. पुढे चौदाव्या शतकातल्या इमाम जहबींनी साखळी तपासून ते बनावट असल्याचं सांगितलं. उलट सुनन अबू दाऊदमध्ये शिफा बिन्त अब्दुल्लाह या बाईंनी पैगंबरांच्या पत्नी हफ्सा यांना लिहायला शिकवल्याचा उल्लेख आहे. थानवी स्वतः तर बायकांना पत्रलेखन शिकवत होते. तेव्हा खाली संग्रहाचं नाव आणि क्रमांक नसलेली हदीस स्टेटसला ठेवण्याआधी निदान तेवढं शोधा.

कायद्याची बाब मात्र याहून गंभीर आहे, कारण तिथे आयुष्य अडकतं.

नवरा बेपत्ता झाला तर बाईनं काय करायचं? जुन्या हनफी मतानुसार, आणि 'बहिश्ती जेवर'मध्येही तेच आहे, नवऱ्याचं वय नव्वद होईपर्यंत थांबायचं. म्हणजे तिशीतला नवरा गायब झाला तर साठ वर्षं. हे किती जाचक आहे ते पुढे थानवींनाच टोचलं. पंजाबात नकोसं लग्न मोडण्यासाठी बायका धर्मच सोडत होत्या, अशी प्रकरणं कोर्टात येत होती. मग थानवींनी १९३० च्या दशकात 'अल-हीलतुन नाजिजा' हा ग्रंथ लिहिला आणि मालिकी पंथाचा चार वर्षांचा नियम उचलला. स्वतः कट्टर हनफी असून! त्या चर्चेतूनच १९३९ चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा आला. नवऱ्याचा चार वर्षं पत्ता नसेल, दोन वर्षं तो पोटगी देत नसेल, त्याला सात वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली असेल, तर बाई कोर्टातून लग्न मोडू शकते. हा कायदा आजही लागू आहे.

म्हणजे लेखकानं मत बदललं, कायदाही बदलला. पण स्वस्तातल्या जुन्या आवृत्तीचं पान कुणी फोटो काढून ग्रुपवर टाकलं तर समोरची बाई नव्वद वर्षांचाच नियम वाचणार.

तलाकचंही असंच. एका दमात तीनदा म्हटलं की तलाक झाला, असं जुन्या हनफी पुस्तकांत सापडतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठानं २००२ साली दगडू पठाण विरुद्ध रहिमबी या प्रकरणात नुसता तलाक दिल्याचा दावा पुरेसा नाही, तो सिद्ध करावा लागेल असं सांगितलं. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये तत्काळ तीन तलाक रद्द ठरवला आणि २०१९ च्या कायद्यानं तो गुन्हा झाला, तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा. अशा वेळी पुस्तक बाजूला ठेवून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. तिथे बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

आपल्याकडे भाषेची अडचणही आहे. कोल्हापुरातल्या बऱ्याच मुली मराठी शाळेत शिकलेल्या, उर्दू वाचता येत नाही. मग हिंदी किंवा रोमन लिपीतल्या पीडीएफवर भिस्त. आपल्या भाषेत धर्म वाचण्यात काही वावगं नाही. १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग उभं करणाऱ्या शाहू महाराजांनी कुराणाच्या मराठी भाषांतरासाठीही मदत केली होती. फक्त भाषांतर कुणी केलं, काय गाळलं, हे पीडीएफवर सहसा नसतं. उर्दूत 'मुदल्लल व मुकम्मल' अशी आवृत्ती मिळते, तिच्यात मसल्यांचे आधार दिलेत. मौलानांना किंवा आलिमांना विचारताना ती समोर ठेवली तर बोलणं सोपं जातं.

औषधांचा भाग तर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या युनानी माहितीवरचा आहे. इतिहास म्हणून वाचा, बाळावर प्रयोग नको.

मैत्रिणीला मी हे सगळं सांगितलं. शेवटी ती शाफई हिशोबानं चालली, कारण आता घर तिकडचं. पण बारा दिवस रक्त जाणं हा नुसता नमाजचा प्रश्न नव्हता. सात-आठ दिवसांच्या पुढे पाळी गेली तर डॉक्टर तपासून घ्यायला सांगतात, आणि हे कुठल्याच पंथाच्या पुस्तकात तिला दिसलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात सासूबाईच तिला घेऊन दवाखान्यात गेल्या.