दादरला जाऊन आलेलं फूल

बदलापूरच्या देव्हाऱ्यातलं फूल सहसा दादरला, नाहीतर निदान कल्याणला जाऊन आलेलं असतं. शेवंती घाटावरची, गुलाब मावळातल्या हरितगृहाचा, सोनचाफा वसईचा. रात्री टेम्पोतून माल मंडईत उतरतो, पहाटे घासाघीस होते आणि लगेजच्या डब्यातून गोण्या अंबरनाथ-बदलापूरकडे परततात. सीएसएमटीपासून 68 किलोमीटरवरच्या या गावाच्या वरच्या अंगाला उल्हास नदी आहे, पाऊस भरपूर आहे, भाताची खाचरं अजून शिल्लक आहेत. फूल तेवढं बाहेरून येतं. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात दहा-वीस गुंठ्यांची फुलशेती तग धरेल का, याचा हा आढावा. माझं मत आधीच सांगतो: धरेल, पण तिने दादरचा नाद सोडला तर.

कारण गिऱ्हाईक दारात आहे आणि तेही तीन तऱ्हांचं. अंबरनाथचं शिवमंदिर इसवी सन 1060 चं, शिलाहारांच्या काळातलं. महाशिवरात्रीच्या जत्रेला तिथे बेल आणि पांढऱ्या फुलांचा खप प्रचंड, आणि श्रावणी सोमवारही आहेतच. उल्हासनगर 1949 मध्ये फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उभं राहिलं. तिथे लग्नमंडपांची सजावट दणक्यात होते, आणि पावसाळ्यात चालिहा व्रताचे चाळीस दिवस असतात. बदलापूर मात्र गिरगाव, दादर, डोंबिवलीहून घर शोधत आलेल्या मध्यमवर्गाचं. या माणसांनी सामानासोबत एक सवय आणली, ती म्हणजे सकाळच्या फुलपुडीची.

परदेशात गेल्या दहा-पंधरा वर्षांत छोट्या फुलशेतीचं बरंच कौतुक झालं. अमेरिकेत डेब्रा प्रिन्झिंग यांनी ‘स्लो फ्लॉवर्स’ या नावाने स्थानिक, हंगामी फुलांची चळवळ चालवली. वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट खोऱ्यातलं ‘फ्लोरेट’ हे छोटं शेत जगभर गाजलं. ब्रिटनमध्ये 2011 पासून ‘फ्लॉवर्स फ्रॉम द फार्म’ ही छोट्या उत्पादकांची संघटना आहे. हंगामाचे पैसे आगाऊ भरायचे आणि दर आठवड्याला फुलदाणीसाठी गुच्छ घरी न्यायचा, हा त्यांच्याकडचा लोकप्रिय प्रकार. आपल्याकडचे हौशी लोक तो वाचून डेलिया आणि झिनियाचं बी मागवतात. हरकत काही नाही, पण आपल्या किती घरांत फुलदाणी रोज भरली जाते? देव्हारा मात्र रोज सजतो. दाराच्या कडीला अडकवलेली पुडी, तीत दोन जास्वंदी, चार तगरी, दूर्वांची जुडी, तुळस, एखादं पिवळं फूल आणि महिनाअखेरीला हिशेब. आगाऊ ठरलेलं गिऱ्हाईक शेतकऱ्याला याहून चांगलं कुठे मिळणार?

हिशेब मांडून पाहू. पुडी दहा रुपयांची धरली आणि दोन-तीन सोसायट्यांत मिळून शंभर घरं बांधली, तर रोजचे हजार, महिन्याचे तीस हजार. यातून पुडी बांधणारीची आणि पोचवणाऱ्याची मजुरी जाईल, घरं गावाला गेल्यावर खाडे पडतील, पावसात जास्वंदीच्या कळ्या गळतील. तरी मंडईतला भाव, अडत, हमाली आणि उरलेला माल फेकून देणं, या चारही गोष्टींतून सुटका होते. शिवाय पुडीला एकाच जातीचं टनभर फूल लागत नाही. थोडं थोडं अनेक प्रकारचं लागतं, आणि छोट्या शेताला नेमकं तेच जमतं. जास्वंद, तगर, गोकर्ण, कण्हेर, सोनटक्का बांधावर किंवा कुंपणाला लावूनही होतात.

यांच्या जोडीला एक-दोन नगदी फुलं हवीत. त्यासाठी शेजारची उदाहरणं पुरेशी आहेत. वसईने सोनचाफा वाढवला. तिथल्या बागायतदारांची फुलं पहाटेच्या लोकलने दादरला जातात. जव्हार-विक्रमगडकडे ‘बायफ’सारख्या संस्थांनी आदिवासी शेतकऱ्यांच्या वाडीत आंबा-काजूच्या बरोबरीने मोगरा नेला. रोजगार हमी योजनेतूनही आता फळझाडांसोबत मोगरा, सोनचाफा, निशिगंध यांच्या लागवडीला मदत मिळते.

यांत मला मोगरा सर्वांत भरवशाचा वाटतो. पावसाळा सरला की पाणी तोडायचं, झाडाला ताण द्यायचा, छाटणी करायची, खत घालून पुन्हा पाणी सुरू करायचं. फेब्रुवारी-मार्चपासून पाऊस पडेपर्यंत कळी येत राहते, म्हणजे ऐन लग्नसराईत. तोडणीचं काम किचकट. कळी फुगलेली आणि पांढरी झालेली हवी, पण मिटलेली. हिरवट तोडली तर गजऱ्यात उमलत नाही, उमललेली तोडली तर पोचेपर्यंत तपकिरी पडते. म्हणून उन्हं वर येण्याआधी, कधी डोक्याला बॅटरी बांधून, बायका एकेक कळी चिमटीने खुडतात आणि ओल्या फडक्यावर टाकतात. वजनाला हलकी, मजुरीला जड. किलोने मंडईत घातली तर खुडणाऱ्या हाताला फारसं उरत नाही. तिथेच ओवून गजरा विकला तर उरतं. उल्हासनगरच्या मंडपवाल्यांना संध्याकाळच्या लग्नासाठी त्याच दिवशीचा गजरा हवा असतो. तो दहा-बारा किलोमीटरवरून आला तर कोणाला नको आहे?

निशिगंधाचंही तसंच: सुटं फूल हाराला, दांडी गुच्छाला. जरबेरा आणि डच गुलाबाच्या वाटेला मात्र इथल्या लहान माणसाने जाऊ नये. हरितगृहाचं कर्ज, कोकणातली दमट हवा आणि मावळाशी स्पर्धा, एवढं अंगावर घेण्याचं कारण नाही.

झेंडूचं प्रकरण वेगळं. जुलैअखेर-ऑगस्टात रोपं लावली, शेंडे खुडले, की साधारण दोन महिन्यांत दसऱ्याला फूल हाती येतं. पण ते सगळ्यांनाच येतं. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळचा भाव आणि दसऱ्याच्या दुपारी स्टेशनबाहेर पडलेले ढीग ज्याने पाहिलेत, त्याला अधिक सांगायला नको. इथे शिकावं ते आजूबाजूच्या पाड्यांवरून येणाऱ्या ठाकर-कातकरी बायकांकडून. त्या नुसता झेंडू विकत नाहीत. आंब्याची पानं, झेंडू आणि भाताची ताजी लोंबी यांचं तोरण तिथेच बसून ओवतात, बाजूला आपट्याच्या डहाळ्या. गणपतीत त्यांच्याकडे पत्री असते, गौरीला तेरडा, मार्गशीर्षातल्या बुधवारी संध्याकाळी पाच झाडांच्या डहाळ्यांच्या जुड्या. सणाचं पंचांग त्यांना तोंडपाठ आहे. फुलशेती समाजाशी जोडायची म्हणजे शाळकरी मुलांची सहल काढून सेल्फीला चौकट लावायची, असं काहींना वाटतं. माझ्या मते पहिली भागीदारी या बायकांशी व्हावी: शेताने झेंडू-मोगरा द्यावा, ओवण्याची कला आणि रानातली पत्री त्यांची, आणि विक्रीतला वाटा आधी ठरलेला.

आता अडचणी. वालधुनी नदी अंबरनाथच्या डोंगरात उगम पावून शिवमंदिराजवळून उल्हासनगरला पोचेस्तोवर कारखान्यांच्या आणि गटारांच्या पाण्याने काळी होते. उल्हास-वालधुनीच्या प्रदूषणाविरुद्ध ‘वनशक्ती’ संस्थेने हरित लवादाकडे दाद मागितली ती उगाच नव्हे. ते पाणी फुलांनाही नको. देवाला वाहायचं फूल खायचं नसलं, तरी ते खुडणारीचे हात त्याच पाण्यात असतात. शेत करायचं ते बदलापूरच्या वरच्या बाजूला, विहिरीवर. तिथे पुराची भीती. 27 जुलै 2019 ला बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं, हे सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं.

पण पूररेषेतल्या जमिनीवर इमारत सहजी उभी राहत नाही, ही गोष्ट शेतीच्या पथ्यावर पडावी. बाकी सगळीकडे जमिनीचा भाव असा की मोगऱ्याने त्याच्याशी बरोबरी करण्याचा विचारही करू नये. पूररेषेतल्या जमिनीत पावसाळ्यात भातच राहू द्यावा आणि कापणीनंतर झेंडू, अ‍ॅस्टर घ्यावा. जमीन भाड्याने घेतली तर करार निदान तीन वर्षांचा हवा, कारण निशिगंधाचा कंद सुमारे तीन वर्षं फूल देतो. सोनचाफा तर स्वतःच्या जमिनीवरच लावावा.

दुसरा प्रतिस्पर्धी म्हणजे प्लास्टिकचं फूल. त्याच्याविरुद्ध बंदीची मागणी 2025 मध्ये विधानसभेपर्यंत पोचली. नकली मालावरून उल्हासनगरची थट्टा आपण वर्षानुवर्षं करत आलो. आता प्लास्टिकच्या शेवंतीच्या माळा दादरपासून बदलापूरपर्यंत घराघरांत आहेत. बंदी येईल तेव्हा येईल. न सुकणाऱ्या माळेशी टक्कर द्यायची तर वास असलेली फुलंच लावली पाहिजेत, म्हणजे पुन्हा मोगरा, चाफा, निशिगंध.

निर्माल्याची सोय तुलनेने सोपी. ठाण्यात ‘समर्थ भारत व्यासपीठ’ने निर्माल्यापासून खत करण्याचं काम केलं आहे, विसर्जनाच्या दिवशी धर्माधिकारी प्रतिष्ठानचे श्रीसदस्य घाटावर निर्माल्य गोळा करतात. फुलपुडीवाल्याने नवी पुडी अडकवताना कालचं निर्माल्य परत न्यायचं, एवढं जमलं तर शेताचं खत घरपोच मिळेल. अट एकच: पुडी पातळ प्लास्टिकच्या पिशवीत नको, पानात किंवा कागदात हवी, आणि हाराचा दोरा सुती. नायलॉनचा दोरा वेगळा काढत बसायला खताच्या ढिगावर कोणालाच वेळ नसतो.

ज्यांना हे करून पाहायचं आहे त्यांनी निशिगंधाचे कंद आणण्याआधी, एप्रिलमध्ये, आसपासच्या सोसायट्यांत फिरून घरं पक्की करावीत. कोणाला गुरुवारी पिवळं फूल लागतं, कोणाला मंगळवारी लाल, कोणाकडे रोज दूर्वा लागतात, हे वहीत उतरवून घ्यावं. लागवडीचा आराखडा त्या वहीवरून करावा आणि मे महिन्यात कंद तेवढेच आणावेत.