आधी मूळ गाणं, मग टवाळी!

जुन्या विनोदी आणि विडंबनगीतांची मैफल हिंदी मुलखात जमवायची, तर नुसता गोड गळा असून भागत नाही. कुणीतरी गाण्यामागची गोष्टही सांगावी लागते.

विनोद समजावून सांगावा लागला की तो मेलाच, असं म्हणतात. विडंबनगीतांचे शौकीन मात्र हे मानत नाहीत. चार दर्दी मंडळी जमली की निम्मा वेळ गाण्यात जातो आणि निम्मा वेळ ‘ही चपराक नेमकी कुणाला होती?’ हे सांगण्यात. पुण्यात किंवा सांगलीत हा दुसरा निम्मा वेळ थोडाफार वाचवता येत असेल. रायपूरच्या चौबे कॉलनीत तो वाचवायला गेलं, तर मैफलीत आजोबा तेवढे हसतील आणि नातवंडं एकमेकांकडे बघत बसतील.

चौबे कॉलनी म्हटलं की रायपूरच्या मराठी माणसाला महाराष्ट्र मंडळ आठवतं. मंडळ स्थापन झालं १९३५ साली. तेव्हा रायपूर आणि नागपूर मध्य प्रांत-वऱ्हाड या एकाच प्रांतात होते आणि राजधानी होती नागपूर. छत्तीसगडात मराठी माणूस त्याच्याही खूप आधी आलेला. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यातले बिंबाजी भोसले १७५८ मध्ये रतनपूरला येऊन कारभार पाहू लागले, तेव्हापासून इथल्या वाड्यावस्त्यांत मराठी ऐकू येते. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि रायपूर मध्य प्रदेशात राहिलं. बरोबर ४४ वर्षांनी, १ नोव्हेंबर २००० ला, रायपूर स्वतःच छत्तीसगडची राजधानी झालं. नागपूर आजही रेल्वेने तीनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे काही फार लांब नाही. पण घरात मराठी, शाळेत हिंदी आणि भाजीवालीशी छत्तीसगढी, अशी तीन तोंडं सांभाळत वाढलेल्या मुलाला मराठी विनोदाची वाट लांबचीच पडते. भावगीत त्याला सुरावरून आवडून जातं, अभंग टाळांच्या ठेक्यावर पोचतो. विनोदी गाण्याला मात्र शब्द कळल्याशिवाय गत्यंतर नसतं.

पंचाहत्तरीचा नवरदेव

गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत शारदा’ हे याचं सुरेख उदाहरण. गंमत म्हणजे अस्सल मराठी मानलं जाणारं हे नाटक रंगभूमीवर प्रथम आलं ते १८९९ मध्ये इंदूरला. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांनी कॉलर ताठ करावी अशीच ही गोष्ट! पैशाच्या लोभापायी कांचनभट आपली कोवळी पोर श्रीमंत म्हाताऱ्या भुजंगनाथाला द्यायला निघतो, ही त्याची कथा. त्यात शारदेच्या मैत्रिणींच्या थट्टेतून या नवरदेवाचं ‘कौतुक’ करणारं पद आहे. वरवर बघावं तर सगळी स्तुतीच. वय फार नाही, रूप असं, थाट तसा! प्रत्येक ओळ कौतुकाने सुरू होते आणि चिमटा काढून संपते. गाणारीने ते अगदी निरागस चेहऱ्याने म्हणायचं असतं. ती हसली की गाणं पडलं.

हे पद आज नुसतं लावलं, तर ऐकणाऱ्याला वाटेल की एका म्हाताऱ्याच्या पडलेल्या दातांची टवाळी चालली आहे. तेवढंच असतं तर ते पद विसरलेलंच बरं होतं. पण त्या काळी दहा-बारा वर्षांच्या मुलींची पैसे मोजून लग्नं लागत होती आणि सभागृहात बसलेल्या प्रेक्षकांत असे सासरे, असे जावई असत, हे कुणीतरी आधी सांगितलं की त्याच ओळी ऐकताना हसू घशात अडकतं. देवलांचा रोख सुरकुत्यांवर नव्हता, बाजारावर होता.

याच नाटकावरून अनेक मराठी घरांत एक गोड गैरसमज चालत आला आहे. बालविवाहाला आळा घालणाऱ्या १९२९ च्या कायद्याला ‘शारदा कायदा’ म्हणतात, तेव्हा तो देवलांच्या शारदेवरूनच असणार, असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात हे नाव तो मांडणाऱ्या अजमेरच्या हरविलास सारडा यांच्यावरून पडलं. मैफलीत ही माहिती सांगितली की हमखास वाद होतो. तोही मैफलीचाच भाग समजावा.

मंगलाष्टकाच्या चालीवर

विडंबनाचा खरा पाया म्हणजे एकाच वेळी कानात वाजणारी दोन गाणी. एक समोर चाललेलं, दुसरं मनात. मनातलं गाणं नसेल तर समोरचं नुसताच वात्रटपणा वाटतो.

आचार्य अत्र्यांनी ‘केशवकुमार’ या नावाने ‘झेंडूची फुले’ लिहिली. १९२५ मध्ये ती पुस्तकरूपाने आली आणि रविकिरण मंडळाच्या कवींसह तेव्हाच्या कवितेतल्या सगळ्या लकबींची तिने मनसोक्त फिरकी घेतली. त्यातल्या ‘आम्ही कोण?’ या कवितेचं शीर्षकच मुळी केशवसुतांकडून उचललेलं. केशवसुतांच्या त्या नावाच्या कवितेत कवी ताठ मानेने आपली थोरवी सांगतो. अत्र्यांचा कवी त्याच थाटात, त्याच वृत्तात आपली वाङ्मयचोरी आणि कंपूबाजी मिरवतो. केशवसुत आधी वाचले नाहीत, तर अत्र्यांची निम्मी गंमत वाया गेली म्हणून समजा.

पण इथे रायपूरकरांच्या मदतीला एक भलतीच गोष्ट धावून येते. हे वृत्त आहे शार्दूलविक्रीडित. बोहल्यासमोर अंतरपाट धरून म्हणतात ती मंगलाष्टकं बहुतेक याच वृत्तात असतात. शाळेत एकही मराठी कविता न शिकलेल्या मुलानेसुद्धा मामाच्या किंवा ताईच्या लग्नात ही चाल ऐकलेली असते, अक्षता टाकायची घाई करत का होईना. त्याला नुसतं सांगायचं, ‘मंगलाष्टकासारखं म्हणून बघ.’ भारदस्त चाल आणि आतला टारगट मजकूर यांची टक्कर त्याच्या लगेच ध्यानात येते. वृत्ताचं नाव नंतर सांगितलं तरी चालतं, नाही सांगितलं तरी बिघडत नाही.

‘प्रेमाचा गुलकंद’ या कवितेला तर तेवढीही तयारी नको. प्रेमवीर रोज गुलाबाची फुलं नेऊन देतो. शेवटी त्याचा धीर सुटतो आणि तो काय ते विचारून टाकतो. तेव्हा ती इतक्या दिवसांच्या फुलांचा घातलेला गुलकंदच त्याच्यापुढे आणून ठेवते! गुलकंद ठाऊक असलेल्या कोणत्याही घरात हा विनोद चालतो. मैफलीची सुरुवात अशा कवितेने करावी आणि केशवसुतांना दुसऱ्या चहानंतर बोलवावं.

सगळ्यांत लवकर शिळी होतात ती राजकीय गाणी. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमर शेख, अण्णा भाऊ साठे, द. ना. गवाणकर या शाहिरांनी डफावर थाप मारून सत्ताधाऱ्यांची जी रेवडी उडवली, तिचा एक मोठा नेम होता मोरारजी देसाईंवर. आता रायपूरच्या नातवाला मोरारजी माहीत असलेच तर १९७७ मध्ये झालेले पंतप्रधान म्हणून. मुंबई राज्याशी त्याच्या घराचा संबंधच आला नव्हता. तेव्हा इथे आजोबांनी पाच मिनिटं घ्यावीत. सहावं मात्र घेऊ नये.

लाखेच्या तबकडीवर तीन मिनिटं

जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांची जात वेगळीच. गाण्यापेक्षा त्यांना खरखर प्यारी, असं घरचे म्हणतात. पण विनोदी गाण्याचा बांधा का असा, हे या तबकड्यांकडे पाहून कळतं. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटं मावत. रंगमंचावर वन्स मोअर घेत पंधरा मिनिटं चालणारं पद त्यात कोंबायचं म्हणजे ताना गेल्या, आलाप गेले. उरला मुखडा, दोन-तीन कडवी आणि शेवटी एक फटका. तो फटका सुई आतल्या कड्यावर पोचायच्या आत बसला पाहिजे! नेमकेपणाची ही सवय पुढे लाँगप्ले आल्यावरही विनोदी गाण्याने सोडली नाही.

आणि ही तबकडी कशाची, तर लाखेची. कुसुम, पळस, बोर या झाडांवर लाखेचे किडे जी राळ तयार करतात, तीच शुद्ध करून दगडाची भुकटी, काजळी यांबरोबर या तबकड्यांत पडत असे. छत्तीसगडची जंगलं लाखेसाठी आजही प्रसिद्ध आहेत. ग्रामोफोन कंपनीने १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना काढला, तेव्हापासून मध्य भारतातल्या झाडांवरची लाख गाणं होऊन घरोघर परत येत राहिली. म्हणूनच या तबकड्या उन्हात ठेवू नयेत आणि एकावर एक आडव्या रचू नयेत. वाकतात. पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात. आणि स्पिरिटने पुसण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा, कारण लाख त्यात विरघळते. तबकडी चकचकीत होते आणि गाणं मात्र नाहीसं!

सोंगाड्या आणि जोक्कड

रायपूरच्या मराठी शौकिनांचं एक भाग्य पुण्याच्या वाट्याला नाही. त्यांच्या दाराशीच ‘नाचा’ आहे. छत्तीसगडच्या या लोकनाट्यात रात्रभर जो हशा पिकवतो, तो जोक्कड. तमाशात हेच काम सोंगाड्याचं. तमाशाच्या गौळणीत पुरुष ‘मावशी’ होऊन येतो, तर नाचात पुरुषच ‘परी’ बनून नाचतो. पाटील असो की मालगुजार, त्याच्या तोंडावर खरं बोलण्याची मुभा दोन्हीकडे विदूषकालाच.

नाचाला जगापुढे नेणारे हबीब तन्वीर हे रायपूरचेच. जन्म १९२३ चा. शाळा रायपूरला आणि पदवी नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून, म्हणजे मराठी मंडळींच्या नेहमीच्या वाटेनेच गेलेले. त्यांच्या ‘चरणदास चोर’ला १९८२ मध्ये एडिंबराच्या नाट्यमहोत्सवात पुरस्कार मिळाला. खरं बोलण्याची शपथ घेतलेला चोर आणि त्याच्यापुढे उघडे पडणारे प्रतिष्ठित लोक, ही गोष्ट छत्तीसगढी गाण्यांतून पुढे सरकते. वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या १९६५ च्या लोकनाट्याने दादा कोंडक्यांना घराघरांत पोचवलं. ही दोन नाटकं शेजारी ठेवून त्यांची गाणी ऐकावीत. राजा आणि शहाणा यांच्यातला उलटापालटा खेळ दोन्हींकडे सारखाच दिसतो.

दादांच्या चित्रपटगीतांचं काय करायचं, हा मात्र घरगुती मैफलीतला जुना प्रश्न. त्यातली कितीतरी गाणी गायली महेंद्र कपूर यांनी. अमृतसरच्या या गायकाच्या तोंडून इतकी ठसकेबाज मराठी ऐकली की, हिंदी वळणाचं बोलतो म्हणून दबकणाऱ्या रायपूरकर पोरांना धीर येतो. पण काही ओळी अशा, की सासूबाई समोर असताना सुनेला एकदम स्वयंपाकघरातलं काम आठवावं! उगाच सोवळेपणा नको, पण निवड हवी. द्व्यर्थ हा गुन्हा नाही. बायकोचं जाडेपण, कुणाचा काळा रंग, कुणाची जात यांवर पोट भरणारी जुनी गाणी मात्र खुशाल मागे ठेवावीत. त्यांत शोधूनही दुसरं गाणं सापडत नाही.

चेष्टा म्हणजे प्रयत्न?

हिंदीत ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. हिंदीतली ‘शिक्षा’ शाळेत मिळते, मराठीतलीही तशी शाळेतच मिळायची! हिंदीत ‘संसार’ म्हणजे सगळं जग, मराठीत तो दोन खोल्यांत मावतो. एका भाषेतलं ‘खाली’ रिकामं असतं आणि दुसरीतलं जमिनीकडे बोट दाखवतं. नागपूरच्या वळणाने ‘मी येऊन राहिलो’ म्हणणाऱ्याला पुण्याचे नातेवाईक हसतात, पण दोन्ही अर्थ एकदम ऐकू येणारा कान त्याच्याकडे आहे, त्यांच्याकडे नाही. विडंबनाला असाच कान लागतो. ओळखीच्या चालीवर अशा जोड्या गुंफून मुलांना स्वतःची चार कडवी रचायला सांगावं. विषय कॉलनीतला पाणीपुरवठा असो की परीक्षेचा निकाल, दोन ओळींत ती अशी काही उडी घेतात की मोठ्यांनी वही शोधावी.

वहीवरून आठवलं. बैठकीला एक जाड वही हवीच. डाव्या पानावर गाणं उतरवावं, उजवं पान कोरं सोडावं. त्यावर मूळ गाणं कोणतं, चाल कशाची, टोला कुणाला, हे ज्याला आठवेल त्याने लिहावं. एखादा शब्द एकालाच माहीत असतो आणि तो ऐंशी वर्षांचा असतो. अशांना बैठकीत पुढची खुर्ची द्यावी आणि त्यांची पाळी पहिली लावावी, कारण नऊ वाजता त्यांना झोप येते.

आणि काहीच जमलं नाही तर एकनाथांचं विंचवाचं भारूड आहेच. सोळाव्या शतकातल्या नाथांनी कामक्रोधाला विंचू केलं. त्याची नांगी उतरवायचा उपाय सांगितला सत्त्वगुणाचा, आणि वेदनेने थयथयाट करण्याची भूमिका गाणाऱ्यावर सोपवली. त्यासाठी आधी कुठलंही मूळ गाणं ऐकावं लागत नाही. विंचू रायपुरातही तसाच चावतो.